सहावा कोनाडा

धाकूने तिसऱ्यांदा मोजलं. कोनाडे सहाच होते.

एकदा चष्मा लावून मोजले, एकदा काढून, आणि आता बोटाने. वर तीन, खाली तीन. मागे जुन्या सागवानाची फळी, प्रत्येक कोनाड्यात बारीकसा पिवळा दिवा. मुलुंडच्या नव्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर, स्वयंपाकघराला लागून बिल्डरने जी स्टोअररूम दिली होती, तिचंच हे देवघर केलेलं. आणि धाकूच्या मांडीवर लाल फडक्यात बांधलेल्या पितळी डब्यात टाक होते पाच. कुळाचा देव, गावची देवी, मूळपुरुष, एकाच पत्र्यावर जोडीने उभे आई-बाप, आणि वीर म्हणून बसवलेला चुलता. जुनी इमारत पाडली तेव्हापासून तीन वर्षं हे देव बोरिवलीला धाकूच्या घरी होते. आज ते थोरल्या भावाच्या घरी परत यायचे होते.

"श्रुतिका बाळा," तो गोड आवाजात म्हणाला. धाकूचा आवाज गोड झाला की घरातली माणसं सावध व्हायची. "हा सहावा कुणाचा गं?"

 कालपासून तिने आजोबांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं पाठ केली होती. पूर्व कुठे, भिंतीपलीकडे बाथरूम आहे का, दिवा विजेचा का. कोनाडे कुणी मोजेल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. अंधेरीच्या ऑफिसात ती लोकांची घरं सजवायची. तिच्या साहेबांच्या गिऱ्हाइकांना देवघर म्हणजे संगमरवर लागायचा, मशीनवर कापलेली जाळी लागायची आणि मागून लखलखाट. तसलंच एक चित्र तिने आजीला दाखवलं होतं. आजीने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, "देवाच्या पाठी टीव्ही कित्याक लावलास?"

मग आजीने तीन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, गुडघे नवे बसवलेत, ते मांडी घालू देत नाहीत, तेव्हा मी खुर्चीवर बसून पूजा करणार. देव माझ्या हाताच्या उंचीवर आण. दोन, माळ्यावर आक्काच्या खानावळीतले पाट पडलेत, त्यांची फळी कर. साकीनाक्याच्या सुताराने ते पाट तासून, जोडून अशी फळी केली की बघत राहावं. आणि तीन, कोनाडे सहा.

"आजी, टाक तर पाचच आहेत ना?"

"तू काढ गो."

तिने काढले. आता ती म्हणाली, "आजोबा, ते... आजीलाच विचारा ना."

रत्नप्रभा स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून ओलं खोबरं किसत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. कान तेवढे अजून पंचविशीतले होते. तिने किसणी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले आणि जागेवरूनच सांगून टाकलं.

"आक्काचो."

 श्रुतिकाचा बाप नितेश मोबाईलमध्ये बघत होता, त्याने तो उपडा ठेवला. त्याची बायको दीप्ती पेले मांडत होती, तिचा हात थांबला. धाकूची बायको मालन खिडकीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. ती तशीच बसून राहिली. पण मालन नेहमी तशीच बसायची, म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"कोणाचो?" धाकूने विचारलं. त्याला नीट ऐकू आलं होतं.

"तुमच्या बहिणीचो. रतनआक्काचो." रत्नप्रभा काठी टेकत बाहेर आली. कनवटीची पिशवी सोडून तिने सुपारीएवढी कागदाची घडी काढली. घडीत चांदीचा टाक होता, नवाकोरा. लुगडं नेसलेली, अंबाडा घातलेली एक बाई, आणि तिच्या उजव्या हातात काहीतरी उभं धरलेलं.

"हातात काय आसा? तलवार?" धाकू न राहवून बोलला.

"पळी," रत्नप्रभा म्हणाली. "सोनार विचारी होतो, घोव खंय दाखवू? मी म्हटलंय, घोव नाय, हातात पळी दाखव. माझे पैंजण मोडून केलंय. कोणाक काय मागूक गेलंय नाय."

श्रुतिकाला हसू फुटलं. तिने ते गिळलं.

धाकू उठला. बहात्तर वर्षांचा, ताठ, पांढरा शर्ट खोचलेला. पस्तीस वर्षं ऑफिसात काढून हेडक्लार्क झाला होता, त्यामुळे भांडतानाही मुद्दे पाडून भांडायचा. "वयनी, ऐक. आक्का लग्न न होता गेली. अशा बाईला देवात बसवत नाहीत. आपल्या सात पिढ्यांत कुणी बसवलेली नाही. सवाष्ण गेली तर टाक. आईबापांचा टाक. आक्का कशात बसते? गावात कळलं तर तोंडात शेण घालतील लोक!"

"आणि तुमचो काको?"

"काकाचं काय?"

"तो अठरा वर्सांचो गेलो. लगीन झालेला तेचा? नाय. तेका वीर म्हणून बसवलात. काय लढाई मारल्यान तेना? पावसाच्या दिवसांत विहिरीत पोहूक गेलो, थयच रवलो. तो वीर. आणि अठ्ठावीस वर्सां लालबागच्या खोलयेत चूल पेटवून तीस-तीस गड्यांक जेवूक घातल्यान, तुमका शिकवल्यान, संपात गिरणी बंद पडली तेवा ह्या घरातला एक माणूस उपाशी झोपूक दिल्यान नाय, ती कोण? भूत?"

"मी भूत म्हटलं नाही."

"मनात म्हटलात. माका ऐकाक येता."

दीप्तीने तोंडाला पदर लावला. खरं म्हणजे ती आज सासूवर खार खाऊन होती. ही स्टोअररूम तिला वॉशिंग मशीनसाठी हवी होती. तीन आठवडे दोघींचं सरळ बोलणं नव्हतं, 'श्रुती, आजीला सांग चहा झाला' असा कारभार चालला होता. आणि मशीन जाऊन बसलं बाथरूममध्ये, तिथे दार पूर्ण उघडत नाही. आई एकदा हट्टाला पेटल्या की ब्रह्मदेवाचंही ऐकत नाहीत, हे तिने आपल्या बहिणीला फोनवर दहादा सांगितलं होतं. पण हा हट्ट कशासाठी होता हे तिला आत्ता कळत होतं, आणि कळल्यावर मशीनचा राग धरून बसणं तिला जमेना.

नितेशने मात्र त्याचं नेहमीचं काम केलं. दोन्ही बाजूंच्या मधे जाऊन उभा राहिला. "आई, काका, एक मिनिट यार. मुहूर्त साडेअकराचा आहे. आधी पाच बसवून घेऊ ना. आक्काआत्याचं मग बघू, शांतपणे."

"मग बघू म्हणता म्हणताच ती गेली रे," रत्नप्रभा म्हणाली. "तुझो बापूस पण हेच म्हणायचो. मग बघू."

"पण काकांचंही काही चूक नाही. रीत असते आई."

"अहो, रीत वीराला वेगळी नि आक्कांना वेगळी?" दीप्ती पटकन बोलून गेली. नितेशने चमकून बायकोकडे पाहिलं. ह्या दोघी एका बाजूला? सकाळपर्यंत तर नव्हत्या.

धाकूने डबा उचलून छातीशी धरला. "ठीक आहे. मग स्पष्टच सांगतो. दादाच्या मागे ह्या घरात मोठा मी. देव कुठे राहणार ते मी ठरवणार. तो टाक त्या देवघरात गेला तर हे पाच परत बोरिवलीला जातील आणि तिथेच राहतील. आणि गाऱ्हाणंही मी घालणार नाही. बघू मग कोण घालतं."

आता हे त्याने नेमकं मर्मावर मारलं. गाऱ्हाण्याशिवाय ह्या घरात कधी देव हलले नव्हते की बसले नव्हते. घरच्या मोठ्या पुरुषाने देवापुढे उभं राहून सगळ्या घराची फिर्याद सांगायची, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मागून व्हय आलं नाही तर ते गाऱ्हाणं हवेत गेलं म्हणायचं. आणि बाईने गाऱ्हाणं घातलेलं तर कुणी ऐकलेलंच नव्हतं.

रत्नप्रभा खुर्चीत बसली.  शहात्तर वर्षांची बाई, पंचावन्न वर्षं ह्या देवांची भांडी घासलेली. देव गेले तर हे नवं घर म्हणजे नुसत्या चार भिंती, हे तिला कळत होतं. आणि नमली तर आक्का पुन्हा एकदा बाहेर, तेही कळत होतं. एकदा तिने आक्काला बाहेर राहू दिलं होतं.

"भावजी," ती म्हणाली, "तुमका लवू आठवता?"

धाकूचा चेहरा बदलला. "आता ते कशाला?"

"लवू कोण?" श्रुतिकाने विचारलं.

"बाहेरच्यांसमोर..." धाकू म्हणाला.

"हंय भायरचो कोण आसा? सांगतंय गो तुका. लवू आमच्या खानावळीत जेवी. गिरणीत साच्यावर कामाक होतो. बायको मेलेली, पोरटोर नाय. सात वर्सां एकाच पाटावर बसान जेवलो, कधी मान वर करून बघल्यान नाय. मग एक दिवस तुझ्या आजोबांकडे, हेंच्या दादाकडे येवन सरळ सांगल्यान, तुमची बहीण माका देवा. आक्का अडतीस वर्सांची. तिका इचारलंय तर ती काय म्हणाली नाय, पण त्या दिवशी भात करपलो. अठ्ठावीस वर्सांत एकदाच करपलो." रत्नप्रभा धाकूकडे वळली.  "भावजी, त्या दिवशी तुमी काय म्हणालात ता तुमी सांगतास की मी सांगू?"

धाकूने डब्याच्या फडक्याची गाठ घट्ट केली. त्याला ती खोली दिसत होती. भिंतीला उभे केलेले पाट, दोरीवर गड्यांचे पंचे, आणि स्टोव्हजवळ पाठ करून बसलेली आक्का. तो चोवीस वर्षांचा होता, नुकता ऑफिसात लागलेला. ती पाठ त्याने इतकी वर्षं आठवणीत येऊ दिली नव्हती. कालनिर्णयाच्या पानासारखी उलटून टाकली होती. आणि आता दर सणाला हात जोडायचे ते हिच्यापुढे? आपल्याकडे तोंड करून बसलेली, हातात पळी घेऊन?

"मी सांगतंय," रत्नप्रभा म्हणाली. "तुमी म्हणालात, माझा लगीन ठरता हा. जुनाट बहीण खानावळीतल्या गड्याचो हात धरता ह्या कळला तर मुलीकडचे पाठी फिरतले. झाला. तुमच्या दादान मान हलवल्यान. लवूक दुसऱ्या दिवसापासून जेवूक बंदी. आणि मी? मी भाकऱ्या थापी होतंय. माका बोलाक येय होता. तोंड होता माका. बोललंय नाय. घरची सून, कित्याक बोला म्हणान गप रवलंय." तिने डोळे पुसले नाहीत. वाहू दिले. "त्या दिवशी मी गप रवलंय तो दिवस माका अजून गिळूक जमला नाय. आज गप रवूचंय नाय. देव न्हेतास तर न्हेवा."

"मुलीकडचे म्हणजे..." खिडकीजवळून आवाज आला.

सगळ्यांनी वळून बघितलं. मालन बोलली होती.

"मुलीकडचे म्हणजे आमच्या घरचे?"

"मालन, तू मधे पडू नको," धाकू म्हणाला.

 पण मालन आत कुठेतरी आपल्या लग्नाच्या मांडवात जाऊन उभी राहिली होती. बाशिंग बांधलेला नवरा, अक्षता, आणि तिची आई विचारते आहे, 'थोरली नणंद कुठे दिसत नाही?' कुणीतरी सांगितलं, ती जेवणाकडे आहे. लग्नात आक्का मांडवात फिरकलीच नाही. मागच्या पडवीत साडेतीनशे पानं तिने वाढली, आणि सगळं उरकल्यावर नव्या नवरीसमोर बसून तिला आपल्या हाताने पहिला घास भरवला. म्हणाली, 'पोटभर खा गो, तुझ्यासाठीच केलंय.' अठ्ठेचाळीस वर्षं मालनला वाटायचं, काय माया बाईची! आपल्यासाठी तिने काय केलंय ते कुणी सांगितलंच नाही. आणि आपल्या घरचे पाठी फिरले असते की नाही, हे आपल्या बापाला तरी कुठे कुणी विचारलं होतं?

"चल, ऊठ," धाकू तिला म्हणाला. डबा काखेत मारून तो दाराशी गेला आणि चपला घालू लागला. "नितेश, लिफ्ट बोलाव."

नितेश हलला नाही. "काका, असं नका ना करू."

"तूही तिच्याच बाजूचा?"

"मला बाजू बिजू काही कळत नाही हो. पण आत्याने मला पण भरवलंय. मी कसा नाही म्हणू?" एवढं बोलून नितेशलाच आश्चर्य वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तो मधला सोडून कुठल्यातरी एका टोकाला जाऊन उभा होता.

धाकूने स्वतःच जाऊन लिफ्टचं बटण दाबलं.

इकडे रत्नप्रभा उठली. काठी भिंतीला लावली. श्रुतिकाने खुर्ची देवघरासमोर सरकवली, तेव्हा आजीने मानेनेच नको म्हटलं. गाऱ्हाणं उभ्यानेच घालायचं असतं. तिने आक्काचा टाक कपाळाला लावला आणि खालच्या ओळीतल्या उजव्या कोनाड्यात, स्वयंपाकघराच्या बाजूच्या, ठेवला. पाच रिकामे कोनाडे आणि सहाव्यात हातात पळी घेतलेली बाई. श्रुतिकाने बटण दाबलं, सहाही दिवे लागले.

रत्नप्रभाने नारळ हातात घेतला. आवाज फुटला तो असा, की खालच्या मजल्यावर ऐकू गेला असेल.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या लेकरांनी नवा घर बांधलां हा. तुका बसवूक जागा केली हा. पण तुका न्हेवन डब्यात बंद केलेलो आसा आणि डबो दाराभायर उभो आसा. तेचा काय ता तू बघून घे रे म्हाराजा!"

कुणीच काही म्हटलं नाही. दीप्तीचे ओठ हलले, पण तिला शब्द नक्की ठाऊक नव्हते, ती देशावरची. श्रुतिका आजीकडे नुसती बघत राहिली. नितेशला व्हय म्हणायचं होतं. आयुष्यभर तो बापामागे आणि काकामागे व्हय म्हणत आला होता. आईमागे म्हणायची जिभेला सवयच नव्हती.

रत्नप्रभाने मागे वळून बघितलं नाही. नारळ घट्ट धरला.

"जिना ह्या घराक जेवूक घातल्यान, आणि जिका आमी मांडवात घेतलंव नाय, ती आजपासून तुझ्या शेजारी बसतली हा. तिच्या येळेक माझा तोंड शिवलेला होता. माझी चूक झाली. ती पदरात घे आणि तिका तुझ्या पंगतीत घे रे म्हाराजा!"

लिफ्ट वर आल्याची घंटी वाजली.

"मालन!" धाकू बाहेरून ओरडला. "चल!"

मालन उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. पदर खांद्यावर घेतला. दाराकडे तोंड केलं, आणि तिथूनच, खणखणीत आवाजात म्हणाली:

"व्हय म्हाराजा!"

धाकूला वाटलं, त्याला ओ दिली. मग त्याला कळलं.

"व्हय म्हाराजा!" नितेशने धरलं. दीप्तीने धरलं. श्रुतिका तर ओरडलीच.

मालन दारात गेली. नवऱ्याच्या काखेतला डबा तिने दोन्ही हातांनी धरला. "सोडा."

"तुला समजतंय काय करतेस ते? हे बरोबर नाही."

"बरोबर नाय ता अठ्ठेचाळीस वर्सांपूर्वी झाला. माझ्या नावावर केलात, माका न इचारता. आता सोडा. तीन वर्सां हेंका रोज आंघोळ कोणी घातल्यान? तुमी? तुमी पेपर वाची होतात. देवांक माझो हात माहीत आसा."

धाकूची बोटं सैल झाली. त्याने सोडला की तिने ओढला, ते दोघांनाही नक्की सांगता आलं नसतं. मालन डबा घेऊन आत आली, गाठ दाताने सोडली आणि थोरल्या जावेच्या हातात एकेक टाक देऊ लागली. कुळाचा देव. गावची देवी. मूळपुरुष. आई-बाप. वीराचा टाक देताना ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "ह्या पोराक आक्काच्या बाजूक ठेव गो बाय. आवस-बापाशिवाय गेलेला, भुकेला असतला."

पाचवा टाक बसला. सहा कोनाडे भरले. रत्नप्रभाने पुन्हा नारळ उचलला. अजून गाऱ्हाणं संपलं नव्हतं.

"आणि बा म्हाराजा, दारात एक उभो आसा. आक्काचो धाकटो. तेका राग लवकर येता आणि शाणपण उशिरा. तेका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाहेर धाकू एका पायात चप्पल घालून उभा होता. दुसरी पायाखाली उलटी झाली होती. मालनने मान वळवली नाही. ती निरांजनात वात घालत होती.

"येवचा तर चपला काढून येवा," ती म्हणाली. "नायतर लिफ्ट उभीच आसा."

 मुहूर्ताला अजून चार मिनिटं होती. लिफ्टचं दार मिटल्याचा आवाज आला तसं दीप्तीने वाकून बाहेर बघितलं. लिफ्ट रिकामीच खाली गेली होती.